भवानीचं गिऱ्हाईक

मला विकता येतं हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आता यात डोकं फिरण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. एखादी गोष्ट आपल्याला येते म्हटल्यावर माणसाने खूश व्हावं, पेढे वाटावेत. पण जिच्यावर मी लहानपणीच फुली मारली, जिच्यावरून घरात माझी अजून टिंगल होते, ती गोष्ट मला येते, आणि नुसती येत नाही तर झकास येते, हे तीन परक्या माणसांनी अंधेरीच्या थंडगार खोलीत बसून मला सांगावं म्हणजे काय! एमबीएच्या मुलाखतीला गेले होते. टेबलावर पाण्याची बाटली होती. मधल्या टक्कलवाल्या सरांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, ही आम्हाला विका. मग काय झालं देव जाणे. मी खुर्चीवरून उठले, ओढणी कमरेला खोचली आणि माझ्या तोंडातून माझ्या आईचा आवाज बाहेर पडला. ‘या शेठ, लांबून काय बघता, हात लावून बघा!’ सरांनी भाव अर्ध्यावर पाडला. मी बाटली उचलून पाठीमागे ठेवली आणि शेजारच्या मॅडमकडे वळले. ‘बोला ताई, ह्यांचं काय खरं नाही.’ सर म्हणाले, ‘अहो थांबा, थांबा.’ थांबले. भाव ठरला तो माझ्याच आकड्यावर ठरला, आणि मग मी माझं पेन काढून बाटलीशेजारी ठेवलं. ‘हे वर घातलं तुम्हाला.’ आमच्या मासळी बाजारात माशांचा एक वाटा, एक ढीग, घेतला की गिऱ्हाईक हटकून म्हणतं, वर घाल काहीतरी. मग एखादा बोंबील, चार कोलंब्या वर घालायच्या. भावासाठी भांडण होतं, पण वर घातलेलं मनापासून असतं. त्या खोलीत तिघेही हसत सुटले आणि मॅडम म्हणाल्या, ‘तू नॅचरल आहेस, तेजल.’ मी ‘थँक्यू’ म्हणाले. बाहेर आले ती हसतच. आनंद झालाय असं मला वाटलं. पण बोरिवली गेली, विरार गेलं, पालघर आलं, तरी तो आईचा आवाज काही कानातून जाईना.

काल दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डाळीत बोट बुडालेलं असताना एमबीएवाल्यांचा निरोप आला की निवड झाली. त्याच सकाळी रत्नागिरीची यादी लागली होती. सागरी जीवशास्त्र, एमएस्सी. त्यातही माझं नाव होतं. दोघांनाही उद्या संध्याकाळपर्यंत होय की नाही ते सांगायचं. म्हणजे कालचा ‘उद्या’, आज. तारापूरच्या एमआयडीसीत मी कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. बीएस्सी झाले ती प्राणिशास्त्रात, पण बोईसरमध्ये प्राण्यांना कोण विचारतो, लागेल ती नोकरी घेतली. आमचे मालक निमेशभाई स्वभावाने चांगले. त्यांनीच मला एमबीएचा फॉर्म भरायला लावला. फी कंपनी बघेल, परत येऊन मार्केटिंग सांभाळ, केबिन देतो, म्हणाले. निवडीचं कळल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर टाळी मागितली. ‘देखा? मैं बोला था ना? मच्छी बेचनेवाली की लडकी है, धंदा खून में है!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही टाळी दिली. पण रक्तात धंदा? रक्तात हिमोग्लोबिन असतं, निमेशभाई, पांढऱ्या पेशी असतात. मी माशाचं रक्त काचपट्टीवर घेऊन बघितलंय, तुम्ही नाही. हे अर्थात मी मनातच म्हणाले. ज्याने भलं केलंय त्याला तोंडावर असं बोलायची आमच्यात रीत नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. उमरोळीला बस नेहमीसारखी थांबली, दोन बाया उतरल्या, आणि मी काचेवर डोकं टेकून स्वतःला विचारलं, मग आता ग? आता काय सांगशील? कारण इतकी वर्षं माझं उत्तर तयार होतं. ‘मला नाही बाई विकता येत.’ हे वाक्य मी ढालीसारखं वापरलंय. कुणी म्हटलं आईबरोबर बाजारात बस, तर मला नाही येत. विम्याचं काम घे, सेल्सला लाग, तर मला नाही येत. मी आपली मासे कापेन, मासे बघेन, मासे शिकेन. आणि आता येतंय म्हटल्यावर ती ढाल गेली. मग रत्नागिरी मला खरंच हवं होतं, की विकता येत नाही म्हणून मी तिकडे पळत होते? पळून गेलेल्या माणसाला आपण पळतोय हे कुठे कळतं? या प्रश्नाने मला पार कासावीस केलं. बसमधली सुमन म्हणाली, ‘तब्येत बरी नाही का?’ मी म्हटलं, कारखान्यांचा वास येतोय. बोईसरमध्ये हे कारण कधीही चालतं.

माझी ती गोष्ट आमच्या सातपाटीत सगळ्यांना पाठ आहे. मी आठेक वर्षांची असेन. आई पालघरच्या बाजारात बसायची, अजून बसते. तिचं नलू हे नुसतं नाव घ्यावं, गिऱ्हाईक दुसरीकडे वळत नाही. आमच्यात दर्या बाप्याचा, पण मासळी किनाऱ्याला लागली की बाईची. पैसे किती घ्यायचे, मासळी कुणाला द्यायची, घरात काय आणायचं, कुणाला शाळेत घालायचं, सगळं तिच्या हातात, बाप्या तोंड उघडत नाही. तर त्या दिवशी आई चहा आणायला उठली आणि मला टोपलीशी बसवून गेली. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक म्हातारे गुरुजी. त्यांनी बोंबलाच्या वाट्याचा भाव पाडून मागितला. मला वाटलं, आता आपण हुशारी दाखवायची. आईसारखी मान उडवली आणि म्हणाले, ‘परवडत नाय, पुढं जा!’ गुरुजी बिचारे पुढे गेले. आई चहाचे पेले घेऊन येत होती, तिने ते पाहिलं आणि पेले हातातच हिंदकळले. भवानीचं गिऱ्हाईक! दिवसाचा पहिला सौदा म्हणजे भवानी. पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नसतं. तो मागेल त्या भावात द्यायचं, पैसे टोपलीला लावायचे, कपाळाला लावायचे, मग दिवस सुरू. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं आणि नलूच्या पोरीने भवानी हाकलली! आई गुरुजींच्या मागे धावली, पण ते गर्दीत दिसेनासे झाले होते. त्या दिवशी खरंच काही खपलं नाही. शेजारी बसणारी भागीमावशी अजून सांगते, ‘तेजल? ती भवानी हाकलनारी?’ लग्नात, बारशाला, कुठेही.

त्या दिवसापासून मला विकायला बसवलं नाही. कापायला बसवलं. गिऱ्हाईक भाव करून वाटा घेणार, मी कोयतीवर, म्हणजे मासे कापायच्या विळीवर, बसून साफ करून देणार. आणि खरं सांगू? मला तिथे स्वर्ग सापडला. कारण कापलं की आतलं दिसतं. माझ्या हाताखालून किती पोटं गेली असतील! बोंबलाच्या पोटात जवळा असतो, बारीक कोलंबी असते, आणि एकदा तर एका बोंबलाच्या पोटातून अख्खा दुसरा बोंबील निघाला, डोळ्यांसकट. मी किंचाळले. आई म्हणाली, ‘पोटातलं काय बगते? पोट फेकायचं असतं. गिऱ्हाईक खोळंबलंय.’ मी म्हटलं, ‘आय, यानं आपल्याच पोराला खाल्लं.’ आई म्हणाली, ‘भूक लागली असंल.’ आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पण माझ्या डोक्यात ते राहिलं. भूक का लागली? जवळा कुठे गेला? पुढे पुढे मला वाटायला लागलं, अलीकडे बोंबलाच्या पोटात बोंबीलच जास्त सापडतात. खरंच तसं आहे की मला वाटतं? हे कुणाला विचारायचं? कॉलेजात दीपिका मॅडम होत्या, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘चांगला प्रश्न आहे, मला माहीत नाही.’ मॅडम असून माहीत नाही म्हणाल्या! मला त्यांचा इतका आदर वाटला की काय सांगू. मग म्हणाल्या, ‘तूच शोध.’

कंपनीतल्या मुली म्हणतात, माझ्या डब्याला मासळीचा वास येतो. घरी आई म्हणते, ‘अंगाला कंपनीचा वास येतो, आदी आंघोळ कर मंग चुलीपाशी ये.’ आयुष्यभर बोंबलात हात घातलेली बाई मला वासावरून बोलते! काल घरी गेले तर बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच दर्यात उतरल्या होत्या, पहिल्याच फेऱ्यांना जाळं फाटलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाबांनी सुई थांबवली नाही. ‘आयला सांगितलं?’ म्हणाले. मी म्हटलं, अजून नाही, तुम्हाला काय वाटतं? ‘मी पकडून आनतो. भाव तुजी आय करते.’ जरा वेळाने म्हणाले, ‘त्या रत्नागिरीला शिकून बोंबील वाढतील?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग?’ ‘का कमी झाले ते कळेल.’ ‘आन कळून?’ बाबांनी माझ्याकडे बघितलं, जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘धर नीट.’ मी धरलं. ते शिवत राहिले. मला बरं वाटत होतं.

आईचं मात्र ठरलेलं आहे. तिला एमबीए हा शब्द नीट ठाऊक आहे. बाजारात एक बाई गाडीतून उतरते, पापलेट घेते, भाव करत नाही, ‘थँक्यू मावशी’ म्हणते. आईने एकदा चौकशी केली, ती बाई कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे, एमबीए आहे. तेव्हापासून आईचं एकच. ‘माजी पोरगी अशी गाडीतून उतरंल, माज्या टोपलीसमोर उभी ऱ्हाईल, पापलेट घेईल आन भाव नाय करनार.’ हे ती हसत सांगते, पण सांगताना तिचे डोळे भरतात. पाऊस असो, ऊन असो, नगरपालिकेची गाडी येवो, आज इथून ऊठ, उद्या तिथे बस, दारुडा येऊन टोपलीला लाथ मारणार, शिकलेली माणसं नाकाला रुमाल लावून ‘ए मावशी’ म्हणणार. हे सगळं तिने गिळलंय ते या एका चित्रावर. ते चित्र मी कसं फाडू? दोन्हीकडे फॉर्म भरल्याचं तिला ठाऊक होतं, पण मुलाखतीत काय झालं ते मी अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने गावभर केलं असतं, भवानी हाकलणाऱ्या पोरीने मुंबईच्या सायबांना बाटली विकली! मला ते बघायचंही होतं, खोटं कशाला बोलू. आईने माझ्यावरून कौतुकाने मिरवावं हे मला माशापेक्षाही जास्त हवं होतं, असं काल जेवायच्या आधी मला वाटून गेलं आणि मी घाबरले.

मग मी बोंबील साफ करायला बसले. घरचेच, कालवणापुरते. हात आपले चालत होते आणि मी मनात ती मुलाखत पुन्हा पुन्हा बघत होते. काय मजा आली होती! टक्कलवाले सर कसे पाघळले! विकताना मला खरोखर मजा आली, यात वादच नाही. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बाटली कसली होती? रंग कुठला होता झाकणाचा? आठवेना. विकून झाल्यावर मला त्या बाटलीचं काही पडलंच नव्हतं. सौदा पटला, वाहवा मिळाली, विषय संपला. आणि इथे? आठव्या वर्षी पोटातून निघालेल्या त्या बोंबलाचा डोळा मला अजून दिसतो. एकही पोट मी विसरलेले नाही, ग बाई! विसरायचा प्रयत्न करूनही नाही. हातातल्या बोंबलाचं पोट मी चिरलं, आत जवळा होता, गुलाबी, ताजा, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. येतं ते सगळं करायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? मला सायकल येते, म्हणून काय सर्कशीत जाऊ? ढाल गेली ते बरंच झालं. आता मी ‘येत नाही म्हणून’ जाणार नव्हते. मला विकता येतं, चांगलं येतं, आणि तरी मला रत्नागिरीलाच जायचं होतं. ही केवढी ऐट! अशी ऐट मी जन्मात कधी केली नव्हती. मी बोंबील धुतले आणि ताठ मानेने आत नेऊन दिले. आई म्हणाली, ‘आज लय खूश दिसतेस?’ मी म्हटलं, ‘उद्या सांगते.’

आज सकाळी मी सुट्टी टाकली आणि आईबरोबर टेम्पोत बसले. ‘कापायला येते,’ म्हटलं. आईने शेजारी जागा करून दिली, पण तिला काहीतरी वास लागला होता. पालघरच्या बाजारात तिने बसकण मारली, टोपली उघडली, पाणी शिंपडलं, बोंबलांचे वाटे लावले, पापलेट पुढे मांडली. भागीमावशी शेजारी पान लावत होती. समोरून हेल्मेट घातलेला एक माणूस पिशवी घेऊन येत होता. म्हणजे हाच पहिला. मी कोयतीवरून उठले, टोपलीला वळसा घातला, त्याच्या पुढे घुसले आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहिले. ‘मावशी, भवानी करायची हाय.’

आईने वर बघितलं. ‘नाटकं करू नको. बाजूला हो, गिऱ्हाईक हाय.’

‘मी पन गिऱ्हाईकच हाय. पयली आले.’

‘काय पायजे?’

‘रत्नागिरी.’

आईचा हात पाण्याच्या डब्यात तसाच राहिला. तिला सगळं एकदम कळलं, माझ्या आईला कधी काही समजावून सांगावं लागत नाही. ‘आन मुंबईचं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘मुंबईचं झालं. निवड झाली.’ आणि मग उभ्याउभ्या तिला ती मुलाखत करून दाखवली. बाटली, टक्कलवाले सर, ‘ह्यांचं काय खरं नाही’, वर घातलेलं पेन, सगळं. भागीमावशीने हसून हसून पान थुंकलं. हेल्मेटवाल्याने हेल्मेट काढलं. आई हसत नव्हती, पण तिच्या गालात काहीतरी हलत होतं. ‘माज्या आवाजात विकलंस?’ ‘तुज्याच.’ ‘मंग? एवडं येतं तर सोडते कशाला?’

‘येतं म्हनूनच सोडते. नसतं आलं तर पळाले असते, आय. आता पळत नाय, चालत जाते.’

‘दर्याचं शिकून तुला केबिन कोन देनार? गाडी कोन देनार?’

आता खरा सौदा होता आणि मला तो हरायचा नव्हता. मी ओढणी कमरेला खोचली. ‘लांबून काय बगते, हात लावून बग! माल बग आदी! नलूची पोरगी हाय, अशी दुसरी बाजारात नाय मिळनार. दोन वर्सं दे फक्त. गाडीचं सांगत नाय, खोटा माल मी विकत नाय. पन बोंबील बोंबलाला का खातो ते या किनाऱ्याला पयली मी सांगनार. आन पापलेट घ्यायला येनार तुज्याकडंच. यष्टीतून उतरंन, पन भाव नाय करनार.’

आई बोटाने टोपलीची कड घासत राहिली. मला वाटलं, फाटलं चित्र. पण मी नजर काढली नाही. सौद्यात जो नजर काढतो तो हरतो, हे मला तिनेच शिकवलंय. तेवढ्यात भागीमावशी म्हणाली, ‘नलू, भवानी हाय. परत पाठवू नको. एकदा पाठवली व्हती, ध्यानात हाय ना?’

‘तू गप!’ आई तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडे बघून, अगदी बाजारातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘एवडं तोंड चालवते आन म्हने विकता येत नाय! सोळा वर्सं मला फसवलंस, भवाने!’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम, पुसायचंही तिला सुचत नव्हतं. ‘दे. भवानी दे.’

मी पर्समधून नोट काढून तिच्या ओल्या हातावर ठेवली. तिने ती टोपलीला लावली. कपाळाला लावली. मग, हे तिने कधीच केलं नव्हतं, ती नोट माझ्या कपाळाला लावली. माझा हुंदका बाहेर पडला. भर बाजारात, हेल्मेटवाल्यासमोर. पडू दे.

मी मोबाइल काढून तिथेच रत्नागिरीला होय आणि मुंबईला नाही कळवलं. निमेशभाईंना संध्याकाळी स्वतः जाऊन सांगेन, पेढे घेऊन. त्यांनी फॉर्म भरायला लावला नसता तर मला काहीच कळलं नसतं. कोयतीकडे वळणार तर आईने हाक मारली. ‘ए गिऱ्हाईक! वर नाय घेनार?’ तिने वाट्यातला सगळ्यात मोठा बोंबील उचलला, न कापता, अख्खा, आणि माझ्या हातावर ठेवला. ‘वर घातला तुला. पोट फाड आन बग.’

‘मावशी, बोंबील कसे दिले?’ हेल्मेटवाल्याने विचारलं.

‘जरा थांबा दादा,’ आई म्हणाली. ‘माजी पोरगी पोट बगतेय.’

मी कोयतीवर बसले. गिऱ्हाईक थांबलं, भागीमावशी वाकली, आई वाकली, आणि मी बोंबलाचं पोट चिरलं.